आजूबाजूची गर्दी आणि दीर्घिकेतली तारानिर्मिती: घरच्या लॅपटॉपवर मोजायची रीत

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दुर्बीण बाहेर काढून उपयोग नसतो. राधानगरी, गगनबावड्याकडे तर नावच घ्यायला नको. पण दीर्घिकांच्या अभ्यासाला आकाश उघडं असावंच लागतं असं नाही. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेने न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीतून लाखो दीर्घिकांचे वर्णपट घेतले आणि ते सगळ्यांना फुकट खुले केले. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप, पायथन आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढ्या भांडवलावर एक खरा प्रश्न सोडवता येतो: दीर्घिकेच्या आजूबाजूला गर्दी असली की तिच्यातली तारानिर्मिती का मंदावते, आणि किती?

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या किंवा एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय चांगला आहे. एक अट मात्र आहे. तो नेहमी चुकतो तिथे चुकू द्यायचा नाही.

चूक होते ती अशी. डेटा उतरवला, दाट वस्तीतल्या दीर्घिका एका बाजूला आणि विरळ वस्तीतल्या दुसऱ्या बाजूला काढल्या, तारानिर्मितीच्या दराची सरासरी घेतली. दाट वस्तीत दर कमी आला. झालं सिद्ध! काहीच सिद्ध झालेलं नसतं. दाट वस्तीत जड दीर्घिका जास्त असतात, आणि जड दीर्घिका एकट्या असल्या तरी बहुतेक थंडावलेल्याच, म्हणजे नवे तारे बनणं जवळपास थांबलेल्या असतात. अॅलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ गुच्छांतल्या (गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांच्या मोठ्या समूहांतल्या) सुमारे ६००० दीर्घिका पाहून दाखवलं, की घनता वाढते तसं सर्पिल दीर्घिकांचं प्रमाण घटतं आणि लंबवर्तुळाकार व लेन्ससारख्या दीर्घिकांचं वाढतं. त्यात वस्तुमानाचा वाटा किती आणि शेजाराचा किती, हे वेगळं काढायला पुढे मोठ्या सर्वेक्षणांची वाट पाहावी लागली. पेंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये स्लोनच्याच डेटावर हे दोन परिणाम एकमेकांपासून बऱ्याच अंशी सुटे काढता येतात असं दाखवलं. आपल्यालाही तेच छोट्या प्रमाणात करायचं आहे: वस्तुमान बांधून ठेवायचं आणि फक्त शेजार बदलायचा.

शेजारी नेमकं करतात काय

मोजायला बसण्याआधी कारणांचे आकडे डोळ्यांखालून जाऊ द्यावेत, म्हणजे आलेल्या आलेखाचा अर्थ लावता येतो.

पहिलं कारण रॅम प्रेशर. गुच्छातली जागा रिकामी नसते, तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. दीर्घिका त्यातून वेगाने जाते तेव्हा तिच्या चकतीतल्या थंड वायूवर समोरून दाब येतो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये दिलेला हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो. दाब म्हणजे बाहेरच्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनसेंटिमीटरमागे एक हजारांश प्रोटॉन आणि सेकंदाला १००० किलोमीटर वेग धरला, तर दाब साधारण १.७ गुणिले १० चा उणे १२ वा घात पास्कल येतो. चकतीचं गुरुत्वाकर्षण वायूला धरून ठेवतं ते २ पाय गुणिले जी (गुरुत्वस्थिरांक) गुणिले ताऱ्यांची पृष्ठघनता गुणिले वायूची पृष्ठघनता इतक्या जोराने. वर्गपार्सेकमागे (पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) ताऱ्यांची १०० आणि वायूची १० सौरवस्तुमानं घेतली तर हा आकडा १.८ गुणिले १० चा उणे १२ वा घात पास्कल. म्हणजे लढत जवळपास बरोबरीत सुटते. आता चकतीच्या कडेला जा. तिथे तारे १० आणि वायू ५ धरला तर धरून ठेवणारा जोर विसाव्या हिश्शावर येतो, आणि तिथला वायू उडून जातो. म्हणून अशा दीर्घिकांची चकती बाहेरून आत विझत येते.

हाच हिशोब छोट्या गटासाठी करून पाहा. वेग ३००, बाहेरच्या वायूची घनता दहापट कमी. दाब शंभरपटीहून जास्त घसरतो आणि चकतीच्या कडेचा वायूसुद्धा हलत नाही. तरीही गटांत थंडावलेल्या दीर्घिका जास्त सापडतात. तेव्हा रॅम प्रेशर हे एकच उत्तर असू शकत नाही.

दुसरं कारण उपासमार. लार्सन, टिन्स्ले आणि कॉल्डवेल यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली. दीर्घिकेभोवती सैल वायूचं एक आवरण असतं, आणि त्यातून चकतीला नवा वायू मिळत राहतो. मोठ्या गटात शिरल्यावर हे सैल आवरण आधी निघून जातं. चकतीला धक्का लागत नाही, पण नवी भर थांबते. विहिरीचा झरा आटला तरी आतलं पाणी काही दिवस पुरतं, तसंच इथे होतं: असलेला रेणुवायू सध्याच्या दराने साधारण दोन अब्ज वर्षांत संपतो. पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी २०१५ मध्ये याचा सुंदर पुरावा दिला. वायू अचानक उडून गेला तर ताऱ्यांमधलं जड मूलद्रव्यांचं प्रमाण जिथल्या तिथे थांबेल. हळूहळू उपासमार झाली तर उरलेल्या वायूतून तारे बनत राहतील आणि ते प्रमाण वाढत जाईल. थंडावलेल्या दीर्घिकांत ते खरंच वाढलेलं दिसतं, आणि हिशोबाने थंडावायला सुमारे चार अब्ज वर्षं लागलेली निघतात.

तिसरं कारण उलट्या दिशेचं. दोन दीर्घिका अगदी जवळून गेल्या की वायू केंद्राकडे ढकलला जातो आणि तारानिर्मिती भडकते. एम८१ शेजारची एम८२ हे घरचं उदाहरण. दोघींमधला हायड्रोजनचा पूल २१ सेंटिमीटरच्या रेडिओ नकाशात स्पष्ट दिसतो. म्हणजे "शेजार" एकच गोष्ट करत नाही. पन्नास किलोपार्सेकवरचा शेजारी चूल पेटवू शकतो, आणि एक मेगापार्सेकच्या परिघातली दाट वस्ती ती विझवते. मोजमापात कुठलं अंतर घेतो त्यावर उत्तर ठरतं.

नमुना कसा काढायचा

स्लोनच्या डेटाबेसमधून हवी ती टेबलं काढून देणाऱ्या कॅसजॉब्स सेवेवर मोफत खातं उघडा. क्वेरी लगेच चालवायच्या "क्विक" पर्यायाला मिनिटभराची मर्यादा आहे. मोठी क्वेरी "सबमिट" करा. ती सर्व्हरवर चालत राहते. पावसात वीज गेली, राउटर बंद पडला, तरी काम तुटत नाही, निकाल तुमच्या मायडीबीत (सर्व्हरवरच्या तुमच्या जागेत) येऊन थांबतो.

तीन टेबलं जोडायची. स्पेकऑब्ज मधून रेडशिफ्ट, म्हणजे दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला तो आकडा; त्यावरून अंतर कळतं. फोटोऑब्ज मधून जागा, आर (लाल) पट्ट्यातली पेट्रोशियन, म्हणजे दीर्घिकेच्या जवळपास एकूण प्रकाशाची, तेजस्विता आणि आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची दुरुस्ती. गॅलस्पेकएक्स्ट्रा मधून ताऱ्यांचं एकूण वस्तुमान आणि विशिष्ट तारानिर्मिती दर, म्हणजे दर भागिले वस्तुमान. शेवटची दोन्ही मूल्यं लॉगमध्ये (१० च्या घातांकात) असतात, वस्तुमान सौरवस्तुमानांत आणि दर वर्षामागे. पी५० नावाचा रकाना म्हणजे मध्यक, पी१६ आणि पी८४ म्हणजे अनिश्चिततेच्या दोन कडा. मूल्य नसेल तिथे उणे ९९९९ भरलेलं असतं. ते गाळलं नाही तर सरासरी थेट पाताळात जाते, आणि तरीही आलेख काढणारे लोक आहेत.

स्पेकऑब्ज घ्या, स्पेकऑब्जऑल नको; दुसऱ्यात एकाच दीर्घिकेचे दोन-दोन वर्णपट असतात, आणि जुळी नोंद म्हणजे शून्य अंतरावरचा खोटा शेजारी. झेडवॉर्निंग (रेडशिफ्ट संशयास्पद असल्याची खूण) शून्य हवं. आणि सर्वात महत्त्वाचं: लेगसी टार्गेट एक या रकान्यात ६४ चा बिट लागलेल्याच दीर्घिका घ्या. हा "मुख्य दीर्घिका नमुना", आर तेजस्विता १७.७७ पर्यंतचा. ही अट विसरलात तर मुद्दाम निवडलेल्या लाल, तेजस्वी दीर्घिका आत घुसतात आणि तुमचा "थंडावलेल्यांचा टक्का" आपोआप वाढतो.

आकाशाचा तुकडा आयताकृती घ्या: विषुवांश (आकाशातले रेखांश) १४० ते २२० अंश, क्रांती (आकाशातले अक्षांश) ५ ते ५० अंश. उत्तरेकडचा हा सलग भाग आहे, कडेच्या भानगडी कमी होतात. रेडशिफ्ट ०.०३ ते ०.०८. खालची मर्यादा का? त्याहून जवळच्या दीर्घिका आकाशात इतक्या मोठ्या दिसतात की संगणकी छाननी एकीचे तुकडे करून टाकते, आणि अगदी तेजस्वी असतील तर त्यांचा वर्णपट घेतलेलाच नसतो. शिवाय स्लोनचं फायबर, म्हणजे एका दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणारा तंतू, ३ आर्कसेकंद रुंद. ०.०३ ला त्यात मधला जेमतेम १.८ किलोपार्सेक भाग येतो, ०.०८ ला ४.५. गॅलस्पेकमधले एकूण दर बाहेरच्या रंगांवरून ही कसर भरून काढतात. पण फक्त फायबरमधला दर वापरायचा मोह झाला, तर अंतराबरोबर बदलणारी एक खोटी चढण मिळेल.

वरची मर्यादा पूर्णतेची. हबल स्थिरांक (विश्वप्रसरणाचा दर) ७० धरला तर ०.०८ ला दीप्तिअंतर (तेजावरून ठरणारं अंतर) सुमारे ३६३ मेगापार्सेक, अंतरमापांक (दिसणाऱ्या आणि निरपेक्ष तेजस्वितेतला फरक) ३७.८. म्हणजे १७.७७ ची दीर्घिका तिथे निरपेक्ष उणे २०.० ची, वर्णपट सरकल्याची दुरुस्ती साधारण ०.१ ची धरून उणे २०.१ ला रेघ मारा. याहून मंद दीर्घिका जवळ दिसतात, दूर दिसत नाहीत, म्हणून त्या पूर्ण नमुन्यातूनच काढायच्या. जीव तुटतो, कारण मोठा ढीग टाकून द्यावा लागतो, पण इलाज नाही. लाल दीर्घिका वस्तुमानाच्या मानाने मंद असतात, उणे २०.१ ला त्यांचं लॉग वस्तुमान सुमारे १०.२ येतं. तेव्हा अभ्यास १०.३ च्या वरच करा. खाली गेलात की निळ्या दीर्घिका दिसतात आणि लाल निसटतात.

या सगळ्या गाळण्यांनंतर संख्या दशहजारांत यायला हवी. हजार-दोन हजार आल्या किंवा लाखाच्या वर गेल्या तर जोडणी चुकली आहे.

फाइल एक्सेलमध्ये उघडू नका. दीर्घिकांचे ओळखक्रमांक अठरा-एकोणीस अंकी असतात आणि एक्सेल पंधरा अंकांपलीकडे शून्यं भरतं. मग दोन टेबलं जुळत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच ओळी जुळतात. पांडाजमध्ये (पायथनच्या टेबलं हाताळणाऱ्या लायब्ररीत) वाचतानाही हा रकाना अक्षरमाला म्हणून वाचा.

शेजार मोजायचा कसा

पद्धती बऱ्याच आहेत. सुरुवातीला पाचव्या शेजाऱ्याची घ्या, तिच्यात चूक सापडायला सोपी जाते. प्रत्येक दीर्घिकेसाठी, तिच्या वेगापासून अधिक-उणे १००० किलोमीटर प्रतिसेकंद पट्ट्यात असलेल्या दीर्घिकांपैकी आकाशात पाचवी जवळची कुठली ते शोधा. तिचं प्रक्षेपित अंतर मेगापार्सेकमध्ये काढा. घनता म्हणजे ५ भागिले पाय गुणिले अंतराचा वर्ग. पाचवा शेजारी ३ मेगापार्सेकवर असेल तर घनता ०.१८, ०.८ वर असेल तर २.५, ०.३ वर असेल तर जवळपास १८. अगदी ओसाड जागेपासून गुच्छाच्या गाभ्यापर्यंत हा पल्ला शेकडो पटींचा असतो, म्हणून लॉगमध्येच काम करा.

वेगाचा पट्टा का, थेट त्रिमितीय अंतर का नको? कारण रेडशिफ्टमध्ये प्रसरणाबरोबर दीर्घिकेचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो. गुच्छात हा वेग सहज १००० च्या घरात, आणि तेवढा वेग म्हणजे १४ मेगापार्सेकचं खोटं अंतर. दोन मेगापार्सेकचा गोल गुच्छ नकाशावर आपल्या दिशेने ताणलेल्या काडीसारखा दिसतो. त्रिमितीय अंतर घेतलंत तर सर्वात दाट जागा सर्वात विरळ वाटायला लागतात.

वेगाचा फरक काढताना प्रकाशवेग गुणिले रेडशिफ्टचा फरक, भागिले एक अधिक रेडशिफ्ट. ही भागणी राहिली तर पट्टा थोडाच बदलतो. त्याहून मोठी खोड दुसरी: विषुवांशातल्या फरकाला क्रांतीच्या कोसाइनने गुणायचं विसरणं. ५० अंश क्रांतीला त्याने अंतर दीडपटीहून जास्त फुगतं. सरळ उपाय म्हणजे प्रत्येक जागेचा एकक सदिश काढून सायपाय या पायथन लायब्ररीच्या केडी-ट्रीमध्ये (जवळचे बिंदू झटकन शोधणाऱ्या रचनेत) टाका आणि कोन तिथूनच मिळवा. ०.०५ ला १ मेगापार्सेक म्हणजे आकाशात सुमारे १७ आर्कमिनिटं, हा आकडा पडताळ्याला लक्षात ठेवा.

केडी-ट्री तुम्हाला पहिला शेजारी म्हणून ती दीर्घिका स्वतःच परत देते. तिला वगळलं नाही तर पाचवा म्हणून चौथा मोजला जातो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, घनता मात्र सगळीकडे फुगलेली.

कडेच्या दीर्घिकांचे अर्धे शेजारी आयताच्या बाहेर असतात. शेजारी म्हणून सगळ्यांना घ्या, पण घनता मात्र चारही बाजूंनी दोन अंश आतल्या दीर्घिकांचीच वापरा. रेडशिफ्टच्या दोन्ही टोकांनाही तसंच: ०.०३४ ते ०.०७६. त्यातही पाचवा शेजारी कडेपेक्षा लांब निघाला तर ती दीर्घिका सोडून द्या.

घनता काढून झाली की एबल १७९५ या गुच्छावर तपासा: विषुवांश २०७.२, क्रांती अधिक २६.६, रेडशिफ्ट सुमारे ०.०६३. तिथे घनतेचा डोंगर दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढे जाऊ नका. पुण्याच्या आयुका आणि आयसर मधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती महागुच्छ इथे शोधायला जाऊ नका. तो मीन राशीत, चार अब्ज प्रकाशवर्षांवर आहे, आपल्या नमुन्याच्या बराच पलीकडे.

मग टक्केवारी

विशिष्ट दराचा लॉग काढलात की हिस्टोग्रॅमला दोन उंचवटे येतात. एक उणे १० च्या आसपास, चालू दीर्घिकांचा; दुसरा उणे १२ च्या आसपास, थंडावलेल्यांचा. उणे ११ ला रेघ मारा. दुसऱ्या उंचवट्यातल्या मूल्यांवर फार विश्वास ठेवू नका. तिथे हायड्रोजन-अल्फाची रेषा (नव्या ताऱ्यांभोवतीच्या हायड्रोजनची लाल वर्णरेषा) इतकी क्षीण असते की दर अप्रत्यक्ष खुणांवरून काढलेला असतो. तो "याहून जास्त नाही" एवढंच सांगतो. म्हणूनच सगळ्यांची सरासरी घेण्यापेक्षा रेघेखालचे किती टक्के हे मोजणं भक्कम.

केंद्रात सक्रिय कृष्णविवर असलेल्या दीर्घिकांची हायड्रोजन-अल्फा रेषा फक्त ताऱ्यांमुळे नसते. वर्णरेषांच्या गुणोत्तरांवरून केलेल्या बीपीटी वर्गीकरणातला वर्ग ४ म्हणजे त्या. काही जण त्या गाळून टाकतात. गाळू नका, त्या बहुतेक जड असतात आणि त्या काढल्या की जड दीर्घिकांचा नमुना वाकडा होतो. गॅलस्पेकच्या एकूण दरांत त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आधीच वापरलेली आहे.

आता वस्तुमानाचे तीन कप्पे: १०.३ ते १०.६, १०.६ ते १०.९, १०.९ ते ११.२. प्रत्येक कप्प्यात घनतेचे चार समान भाग. प्रत्येक भागात थंडावलेल्यांचं प्रमाण. त्रुटी म्हणजे प्रमाण गुणिले एक उणे प्रमाण, भागिले संख्या, याचं वर्गमूळ. ४०० दीर्घिका आणि ५० टक्के असेल तर अडीच टक्के. ही त्रुटी खरं तर कमी पडते. एका गुच्छातल्या पन्नास दीर्घिका या पन्नास स्वतंत्र साक्षी नसतात. आयताचे वीस तुकडे करा, दर वेळी एक वगळून पुन्हा मोजा, त्या चढउतारावरून त्रुटी काढा.

दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक, तिन्ही कप्प्यांत घनतेबरोबर टक्का चढतो, आणि सर्वात विरळ भागातसुद्धा जड कप्प्याचा टक्का हलक्यापेक्षा वर असतो. दोन, आणि ही जास्त मजेची: फक्त चालू दीर्घिका घेऊन त्यांच्या दराचा मध्यक काढलात तर तो घनतेबरोबर फारसा हलत नाही. दाट वस्तीत चालू दीर्घिका कमी आहेत, पण ज्या चालू आहेत त्या जवळपास नेहमीच्या दराने चालू आहेत. दीर्घिका बराच काळ काहीच न झाल्यासारखी राहते आणि मग भरभर विझते, असा त्याचा अर्थ लावतात. त्यामुळे "गर्दीत सगळ्यांची तारानिर्मिती थोडी थोडी मंदावते" हे वाक्य अहवालात लिहू नका.

शेजाराचा वाटा एका आकड्यात हवा असेल तर दाट भागाच्या प्रमाणातून विरळ भागाचं प्रमाण वजा करा आणि एक उणे विरळ भागाच्या प्रमाणाने भागा. उदाहरणार्थ ०.४० चं ०.६१ झालं, तर ०.२१ भागिले ०.६०, म्हणजे ०.३५. विरळ जागी चालू राहिल्या असत्या अशा शंभरातल्या पस्तीस दीर्घिका शेजाराने विझवल्या.

शेवटी एक परीक्षा: प्रत्येक वस्तुमान कप्प्यात घनतेचा रकाना पत्त्यांसारखा पिसा आणि सगळं पुन्हा चालवा. चढण नाहीशी व्हायला हवी. पिसूनही चढण राहिली तर ती आकाशातली नाही, तुमच्या कोडमधली आहे.

फायबरची धक्काबुक्की

एका प्लेटवर (फायबर खोचायच्या भोकांच्या तबकडीवर) दोन फायबर ५५ आर्कसेकंदांपेक्षा जवळ बसत नाहीत. त्यामुळे मुख्य नमुन्यातल्या सुमारे ६ टक्के दीर्घिकांना वर्णपटच मिळालेला नाही, आणि गुच्छांच्या गाभ्यात हे प्रमाण याहून जास्त. पाचव्या शेजाऱ्याच्या मोजमापाला त्याचा फटका बेताचा, कारण घनता थोडी कमी निघते एवढंच. पण ०.०५ ला ५५ आर्कसेकंद म्हणजे ५४ किलोपार्सेक. एम८१-एम८२ सारख्या, एकमेकींना भडकवणाऱ्या जोड्यांचं अंतर हेच. म्हणजे ज्या शेजाराने तारानिर्मिती वाढते तोच या डेटात सर्वात जास्त गळलेला आहे. जवळच्या जोड्यांवर निष्कर्ष काढायचा असेल तर प्रतिमांमधून रंगावरून जोड्या वेगळ्या शोधाव्या लागतात. ते काम या प्रकल्पात कोंबू नका.

एकच गुच्छ जवळून

वेळ उरला तर कोमा गुच्छ घ्या; तो वरच्या नमुन्यात नाही, वेगळी क्वेरी लागेल. केंद्र विषुवांश १९४.९५, क्रांती अधिक २७.९८, रेडशिफ्ट ०.०२३१. वेगाचा विस्तार सुमारे १०००. इथे १ मेगापार्सेक म्हणजे ०.६ अंश, गुच्छाची हद्द साधारण २ मेगापार्सेकची. सहा अंशांच्या त्रिज्येत सगळं घ्या. आडव्या अक्षावर केंद्रापासूनचं अंतर, उभ्यावर गुच्छाच्या सरासरीपासून वेगाचा फरक, आणि बिंदूचा रंग विशिष्ट दरावरून. केंद्राजवळ पण वेग मोठा अशा कोपऱ्यात नुकत्याच आत पडत असलेल्या दीर्घिका असतात. तिथले चालू बिंदू एकेक करून स्लोनच्या प्रतिमांत उघडून पाहा. हद्दीबाहेर दोन-तीन त्रिज्यांपर्यंतही टक्का चढलेलाच दिसेल. त्यातल्या काही दीर्घिका एकदा आत जाऊन बाहेर आलेल्या असतात. २ मेगापार्सेक पार करायला १००० च्या वेगाने दोन अब्ज वर्षं लागतात, तेवढा वेळ विश्वाकडे होता.

दुर्बीण हातात असेल तर

फेब्रुवारी ते एप्रिल हा कन्या गुच्छाचा काळ. कोल्हापूरच्या १६.७ अंश अक्षांशावरून या गुच्छाच्या मध्यावरची एम८७ दीर्घिका जवळजवळ डोक्यावर, ८६ अंशांवर येते. एप्रिलच्या मध्यात रात्री साडेअकराच्या सुमारास. डोक्यावरची वस्तू डॉब्सोनियनने धरणं जिकिरीचं असतं, तेव्हा तासभर आधीच सुरू करा. पन्हाळ्यावरून शहराचा उजेड आग्नेयेकडे राहतो आणि माथ्यावरचं आकाश बऱ्यापैकी वाचतं. गगनबावडा त्याहून काळा. गळीत हंगामात गुऱ्हाळांचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर क्षितिजावर थर धरतो. वळवाचा एखादा पाऊस होऊन गेल्यावरची रात्र सर्वात स्वच्छ.

सहा-आठ इंची दुर्बिणीत गाभ्यातल्या एम८४ आणि एम८६ गुळगुळीत, बिनरेषांच्या दिसतात. बाहेरच्या बाजूच्या एम१०० मध्ये चकती जाणवते. फोटो काढणाऱ्यांनी एम९० जरूर घ्यावी. तिच्या चकतीच्या बाहेरच्या भागातला वायू गेलेला आहे आणि तारानिर्मिती आतल्या भागात आक्रसलेली आहे.

हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावणार असाल तर आधी गणित करा. रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, पण दीर्घिका दूर जात असेल तर ती लाल बाजूला सरकते. एम१०० चा वेग सेकंदाला सुमारे १५७० किलोमीटर, म्हणजे ३.४ नॅनोमीटरचं सरकणं. ७ नॅनोमीटर रुंदीच्या फिल्टरच्या ती अगदी कडेवर येते आणि ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून दिसतच नाही. मग कोरा फोटो पाहून "तारानिर्मिती नाही" असा निष्कर्ष निघतो. एम९० उलट आपल्याकडे येते आहे, वेग उणे २३५ च्या आसपास, ती दोन्ही फिल्टरांत सापडते. कोमाच्या दीर्घिकांची हीच रेषा ६७१.४ ला जाते. तिथे तेजोमेघांसाठी मिळणारा ६७२ चा सल्फर फिल्टर कामी येतो, फक्त दीर्घिका मंद असल्यामुळे एक्सपोजर तासांत मोजावं लागतं. ताऱ्यांचा अखंड प्रकाश वजा करायला लाल पट्ट्यातला वेगळा फोटो त्याच रात्री घ्या. दोन्ही प्रतिमांतले आपल्याच आकाशगंगेतले पाच-दहा तारे सारखे तेजस्वी करून मग वजाबाकी करा. ते तारे पुसले गेले की उरेल ती रेषा.